आईला सरप्राइज द्यावं की नाही? घरातल्या प्रश्नाचा संशोधन-प्रश्न कसा होतो



सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मुलामुलींची एक तक्रार मला नेहमी ऐकू येते. "ताई, विषय वेगळा आणि संशोधन-प्रश्न वेगळा, हे कळलं. पण एकापासून दुसऱ्यापर्यंत पोचायचं कसं, ते कुणी करून दाखवत नाही." तक्रार खरी आहे. पुस्तकात पायऱ्या दिलेल्या असतात, पण प्रत्येक पायरीवर माणूस कुठे घसरतो ते दिलेलं नसतं. म्हणून आज मी स्वतः घसरले ते एक उदाहरण घेते. त्यात प्रयोगशाळा नाही, आर्थिक अनुदान नाही. आई आहे आणि इमॅजिका आहे.

गोष्ट अशी

माझी फेलोशिप काही महिने थकली होती. ती एके दिवशी एकदम जमा झाली. खात्यात एवढे पैसे मी पहिल्यांदाच बघत होते. त्याच क्षणी ठरवलं, आईला फिरायला न्यायचं. तेही तीर्थयात्रेला नाही, नातेवाइकांकडे नाही. खरीखुरी सुट्टी. खोपोलीजवळ इमॅजिका, एक दिवस पार्क, रात्री शेजारच्या हॉटेलात मुक्काम, दुसऱ्या दिवशी आरामात परत.

आई कर्वेनगरमध्ये डबे करते. बाबा गेल्यापासून सुरू केलं. रोजचे वीस डबे. बहुतेक हॉस्टेलच्या मुली, काही नोकरदार, आणि डहाणूकर कॉलनीतले एक आजी-आजोबा, ज्यांची मुलं बाहेरदेशी आहेत. रविवारी संध्याकाळ सोडली तर आईला सुट्टी नाही. आमच्या घरात "सुट्टी" म्हणजे लग्नाला जाणं, आणि तिथेही ती स्वयंपाकघरातच सापडते.

माझा बेत पक्का होता. तिला काहीही सांगायचं नाही. सकाळी सात वाजता दारात गाडी उभी करायची आणि म्हणायचं, "चल, बस." तिचा चेहरा कसा होईल, हे मी तीन दिवस मनात रंगवत होते.

मी हे विभागात चहा पिताना सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि त्या दिवशीचे वीस डबे?"

मी गप्प.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "तू हे कशावरून म्हणतेस, की न सांगता नेलं तर तिला जास्त आनंद होईल?"

यावर मी "अहो मॅडम, सरप्राइज सगळ्यांनाच आवडतं" असं म्हणणार होते. पण आपण संख्याशास्त्र शिकतो आणि "सगळ्यांनाच" असं बोलतो, याची लाज वाटली. तिथूनच हा लेख सुरू होतो.

पायरी पहिली: विधानाचा प्रश्न करा

"आईला सरप्राइज सहल द्यायची" हा विषय झाला. "सरप्राइज आवडतं" हे विधान झालं. प्रश्न तेव्हा होतो, जेव्हा त्यात तुलना येते. कशापेक्षा आवडतं? माझा खरा प्रश्न असा होता:

आईला सहलीबद्दल आधी सांगितलं तर तिला जास्त आनंद होईल, की अजिबात न सांगता नेलं तर?

आता यातले शब्द तपासा. "आनंद" म्हणजे काय, हा पहिला अडथळा. दारात गाडी बघून जो होईल तो? पार्कमध्ये फिरताना होईल तो? की सहा महिन्यांनी शेजारच्या काकूंना सांगताना होईल तो? हे तीन वेगवेगळे आनंद आहेत आणि ते एका दिशेने जातीलच असं नाही. संशोधनात याला कार्यकारी व्याख्या म्हणतात, म्हणजे एखादी संकल्पना आपण नेमकी कधी, कशाने आणि कोणत्या मापात मोजणार ते लिहून ठेवणं. समितीपुढे सादरीकरण करताना निम्मी मुलं इथेच अडकतात. "विद्यार्थ्यांचा ताण" म्हणतात, पण परीक्षेआधीचा की निकालानंतरचा, ते सांगत नाहीत.

मी वहीत तीन रकाने केले. आधीचा आनंद, त्या वेळचा आनंद, नंतरचा आनंद. एवढं केल्यावर साहित्यात काय शोधायचं ते आपोआप कळलं. लक्षात ठेवा, प्रश्न धूसर असेल तर साहित्याचा आढावा कधीच संपत नाही.

पायरी दुसरी: आधी कुणी काय केलंय?

पहिला रकाना, आधीचा आनंद. यावरचा एक गाजलेला अभ्यास जॉर्ज लोवेनस्टीन या अर्थशास्त्रज्ञाचा, १९८७ चा. त्याने विद्यार्थ्यांना विचारलं की तुमच्या आवडत्या सिनेनटाचं किंवा नटीचं चुंबन मिळणार असेल, तर तुम्ही किती पैसे द्याल? लगेच मिळणार असेल तर किती, तीन तासांनी, एक दिवसाने, तीन दिवसांनी, एक वर्षाने, दहा वर्षांनी मिळणार असेल तर किती? अर्थशास्त्राच्या नेहमीच्या हिशोबाने चांगली गोष्ट जितकी लवकर तितकी तिची किंमत जास्त असायला हवी. पण लोकांनी सगळ्यात जास्त किंमत लावली ती तीन दिवसांनंतरच्या चुंबनाला. कारण सरळ आहे. मधले तीन दिवस वाट बघण्यात जी मजा आहे, तीही त्यांना हवी होती. त्याच अभ्यासात विजेच्या धक्क्याबद्दलही विचारलं होतं. तिथे उलटं झालं. लांबवलेला धक्का टाळण्यासाठी लोक जास्त पैसे द्यायला तयार होते, कारण वाट बघणं हाच त्रास.

दुसरा अभ्यास थेट सुट्टीवरचा. २०१० मध्ये येरून नाविन आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या १,५३० प्रौढांची माहिती तपासली. त्यातले ९७४ जण सुट्टीवर जाऊन आले होते. सुट्टीला जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा सहलीच्या आधी जास्त आनंदी आढळले. परतल्यावर मात्र दोन्ही गटांत बहुतेक फरक उरला नाही. फक्त ज्यांनी "सुट्टी अतिशय निवांत गेली" असं सांगितलं, त्यांच्यात थोडा फरक दिसला, आणि तोही काही आठवड्यांत विरला.

हे वाचून मी खुर्चीत मागे टेकले. सुट्टीचा मोठा आनंद जर आधीच्या दिवसांत असेल, तर सरप्राइज देऊन मी नेमकं काय करणार होते? आईच्या वाट्याचे ते दिवस मी काढून घेणार होते. आणि ते गेले कुठे असते? माझ्याकडे! तीन दिवस मीच तर तिचा चेहरा रंगवत बसले होते. वाट बघण्याची सगळी मजा देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला शून्य. मी "आईचा आनंद" म्हणत होते, पण मोजत होते स्वतःचा.

संशोधनात ही चूक फार सामान्य आहे. आपण एका व्यक्तीबद्दल प्रश्न विचारतो आणि उत्तर दुसऱ्याच व्यक्तीकडून घेतो. शेतकऱ्यांच्या गरजांवर प्रबंध, आणि प्रश्नावली भरली कृषी अधिकाऱ्यांनी. मुलांना शिकवणं कळलं का यावर अभ्यास, आणि उत्तरं दिली शिक्षकांनी. आपली माहिती कुणाच्या तोंडून आलीय, हे रोज स्वतःला विचारायचं.

पण मग सरप्राइज वाईटच का?

थांबा. दोन पेपर वाचून निष्कर्षावर उडी मारायची नाही. विरुद्ध बाजूचा पुरावाही शोधायचा असतो.

१९९७ मध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग यांचा एक लेख 'सायन्स' या नियतकालिकात आला. शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत माकडाच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींची हालचाल मोजली होती. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की त्या पेशी जोरात पेटायच्या. मग रसाच्या आधी एक इशारा द्यायला सुरुवात केली. माकडाला इशाऱ्याचा अर्थ कळल्यावर पेशी रस मिळताना नाही, तर इशारा मिळताना पेटू लागल्या. आणि इशारा देऊन रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या वेळी पेशींची हालचाल नेहमीपेक्षाही खाली गेली.

म्हणजे त्या पेशी "रस मिळाला" एवढंच सांगत नाहीत. "अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी" हे सांगतात. याला अंदाजातली चूक म्हणतात. अनपेक्षित चांगल्या गोष्टीला खरंच एक वेगळं वजन आहे. त्यामुळे सरप्राइजच्या बाजूनेही पुरावा आहे.

इथे आमच्या विषयातली एक गंमत सांगते. क्लॉड शॅननने १९४८ मध्ये माहितीचं गणित मांडलं. त्यात एखादी घटना किती अनपेक्षित आहे ते मोजता येतं. घटनेची शक्यता १/२ असेल तर ती घडल्यावर १ बिट माहिती मिळते. १/८ असेल तर ३ बिट, १/६४ असेल तर ६ बिट. शक्यता निम्मी झाली की एक बिट वाढतो, इतकं सोपं. आई मनात म्हणत असेल, "ही मला बहुतेक अक्कलकोटला नेणार", आणि त्याला तिने १/२ शक्यता दिली असेल, तर अक्कलकोटला पोचल्यावर फक्त १ बिट. इमॅजिका तिच्या यादीत जवळजवळ नव्हतंच. म्हणजे पुष्कळ बिट!

पण शॅननच्या मापात एक गोष्ट नाही. हे माप कधीच ऋण येत नाही. लॉटरी लागली तरी बिट, घरावर झाड पडलं तरी बिट. ती गोष्ट किती अनपेक्षित होती एवढंच ते सांगतं. चांगली होती की वाईट, हे सांगत नाही. शुल्ट्झच्या मापात मात्र अधिक-उणे चिन्ह आहे. आपण रोजच्या बोलण्यात दोन्हीला "सरप्राइज" म्हणतो आणि गोंधळ करतो. दोन वेगळी मापं एका शब्दात कोंबली, की चर्चा भरकटलीच म्हणून समजा.

माझ्याकडे आधीची माहिती होती, मी ती वाचली नव्हती

आता एक कबुली. गेल्या वर्षी आईचा पन्नासावा वाढदिवस होता. मी आणि दादाने तिला न सांगता सांगलीहून मावशीला, काकांना, त्यांच्या मुलांना असं सगळ्यांना बोलावलं. संध्याकाळी दार उघडलं तर चौदा माणसं! सगळे ओरडले, आई हसली, फोटो झकास आले. पाच मिनिटांनी आई आत गेली आणि तिने भजीचं पीठ भिजवायला घेतलं. स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवशी ती दोन तास गॅससमोर उभी होती. आम्ही केक आणला होता, जेवण सांगायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

ही माझी पायलट स्टडी होती. छोट्या प्रमाणावर केलेली पूर्वचाचणी, तिचा निकाल समोर होता, आणि मी तो फोटोंच्या खाली दाबून ठेवला होता. निकाल काय होता? सरप्राइजने आईला धक्का बसत नव्हता. तिची तयारी हुकत होती. तयारी हुकली की भार तिच्यावरच येत होता.

पायलट स्टडी आपण बऱ्याचदा "करायची असते म्हणून" करतो. तीस प्रश्नावल्या भरून घेतो, आल्फा काढतो आणि पुढे जातो. पण पायलटचं खरं काम असतं आपला आराखडा कुठे मोडतो ते दाखवणं. नको असलेली उत्तरं हीच तिची कमाई.

संमती: संशोधनातला सगळ्यात मोठा सरप्राइज-विरोधी नियम

मॅडमचा वीस डब्यांचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. शेवटी कळलं की तो नीतिमत्तेचा प्रश्न होता.

माणसांवर संशोधन करायचं तर माहितीपूर्ण संमती लागते. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेचं पहिलंच कलम सहभागी व्यक्तीच्या स्वेच्छेने दिलेल्या संमतीबद्दल आहे. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. काय होणार आहे, किती वेळ लागेल, काय धोका आहे, आणि मधेच माघार घेता येईल का, हे त्या माणसाला आधी कळलं पाहिजे.

मग मानसशास्त्रातले प्रयोग कसे होतात? तिथे तर कधीकधी खरा हेतू लपवावाच लागतो. त्याची परवानगी असते, पण अटींवर. नैतिकता समितीची मान्यता हवी, लपवण्यावाचून गत्यंतर नसावं, आणि काम झाल्यावर सहभागी व्यक्तीला सगळं उलगडून सांगायला हवं. मला यातून मिळालेला धडा असा की "सांगायचं की लपवायचं" हा प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न आहे, काय सांगायचं आणि काय लपवायचं.

मी कागदावर सरप्राइजचे तुकडे केले. कधी? किती दिवस? आईला त्यासाठी काय करावं लागेल? तब्येतीला काय धोका? खर्च किती? आणि कुठे?

पहिल्या चार गोष्टी न सांगणं म्हणजे तिचा निर्णय आपण घेणं. डबे बंद ठेवायचे तर मुलींना आधी सांगावं लागतं. त्या आजी-आजोबांची दोन दिवसांची सोय बघावी लागते. ते तर या सगळ्यात नव्हतेच, तरी माझ्या सरप्राइजची किंमत त्यांनी मोजली असती. आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, त्या बरोबर घ्यायला हव्यात.

"कुठे" हे मात्र लपवता येत होतं. त्याने कुणाचं नुकसान नव्हतं.

(खर्चाचं काय केलं ते शेवटी सांगते. तिथे मी फसले.)

शेवटी केलं ते असं

दहा दिवस आधी आईला सांगितलं, "सोमवार-मंगळवार डबे बंद ठेव. एक रात्र बाहेर राहायचंय. चालायला बरे पडतील असे बूट घाल, गोळ्या घे. कुठे ते सांगणार नाही."

आई आधी म्हणाली, "छे, दोन दिवस कसे बंद ठेवणार?" मी म्हटलं, "तुला नको असेल तर नाही जायचं. आज रात्रीपर्यंत सांग." हे वाक्य मला अवघड गेलं, कारण ती खरंच नाही म्हणाली असती तर? पण नकाराची मोकळीक नसेल तर त्या होकाराला अर्थ नाही.

रात्री भांडी घासताना म्हणाली, "आजी-आजोबांचं शेजारच्या काकू बघतील. मी बोलले."

पुढचे दहा दिवस घरात नुसता अंदाजांचा खेळ. अक्कलकोट? नाही. कोल्हापूर? नाही. "बूट म्हणालीस, म्हणजे गड असणार. मला नाही हं चढवणार सिंहगड." सांगलीला मावशीला फोन करून दोघींनी यादी केली. डब्याच्या मुलीसुद्धा अंदाज बांधायला लागल्या. लोवेनस्टीनने सांगितलेली वाट बघण्याची मजा तिला मिळत होती, आणि जागा माहीत नसल्यामुळे शॅननचे बिटही शाबूत होते. दोन्ही अभ्यास एकमेकांच्या विरोधात नव्हतेच. ते सरप्राइजच्या वेगवेगळ्या तुकड्यांबद्दल बोलत होते.

सोमवारी सकाळी निघालो. द्रुतगती मार्गावर लोणावळा मागे पडलं तेव्हा तिला वाटलं मुंबई, सिद्धिविनायक. घाट उतरून गाडी खोपोलीकडे, पालीच्या रस्त्याला वळली तेव्हा म्हणाली, "अष्टविनायक! पालीचा बल्लाळेश्वर!" आणि मग समोर निट्रोचे वळणावळणाचे रूळ दिसले.

"हे काय गं?" म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही.

राइडच्या बाहेरची पाटी

निट्रो हा तिथला मोठा रोलर कोस्टर. उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर, आणि पाच ठिकाणी माणूस उलटा होतो. बाहेर सूचनांची पाटी असते. हृदयविकार, रक्तदाब, मान-पाठीचं दुखणं असेल तर बसू नका वगैरे. आम्ही पोरं ती वाचत नाही, रांगेत पळतो. आई थांबली, चष्मा काढला, पाटी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, "मी नाही. तू जा, पर्स मी धरते."

'आय फॉर इंडिया' नावाचा एक खेळ आहे. मोठ्या पडद्यासमोर खुर्च्या पुढे सरकतात आणि आपण देशावरून उडतोय असं वाटतं. तिथेही तिने पाटी वाचली. तिथल्या मुलाला दोन प्रश्न विचारले, जोरात हलतं का आणि मधे थांबवता येतं का. मग बसली. बाहेर आली तेव्हा डोळे भरले होते. "आपला देश असा वरून बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं", एवढंच म्हणाली.

माहितीपूर्ण संमतीवरची अनेक व्याख्यानं मी ऐकली आहेत. ती पाटी वाचणाऱ्या आईइतकं स्पष्ट एकाही व्याख्यानात कळलं नव्हतं. एकीला नकार, दुसरीला प्रश्न विचारून होकार. फॉर्मवर सही घेतली म्हणजे संमती मिळाली असं नसतं, मित्रांनो. समोरच्याला वाचायला वेळ आणि विचारायला माणूस मिळाला का, ते बघायचं.

पायरी शेवटची: मोजलं कसं आणि काय म्हणता येईल?

परत आल्यावर मला विचारायचं होतं, "आई, मजा आली ना?" पण हा प्रश्न रद्द. यात उत्तर आधीच भरलेलं आहे, आणि पैसे खर्च करणाऱ्या मुलीला कोणती आई "नाही" म्हणेल? समोरच्याला बरं वाटावं म्हणून दिलेलं उत्तर, हा प्रश्नावलीतला जुना रोग आहे. तुमचा गाइड सहभागी विद्यार्थ्यांचाच शिक्षक असेल, तर हा रोग तुमच्याही माहितीत आहे, हे नक्की समजा.

म्हणून मी विचारलंच नाही. ती इतरांना आपणहून काय सांगते ते फक्त ऐकलं.

डॅनिएल कानेमान आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग आहे. ३२ जणांनी १४ अंश सेल्सियसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात ठेवला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. पुन्हा कोणतं कराल, असं विचारल्यावर ३२ पैकी २२ जणांनी जास्त वेळाचा प्रयोग निवडला! शेवट जरा सुसह्य होता म्हणून. यावरून असं मांडलं गेलं की अनुभवाची आठवण त्याच्या टोकाच्या क्षणावर आणि शेवटावर ठरते. हे वाचून मी सहलीचा शेवट मुद्दाम निवांत ठेवला होता. मंगळवारी पार्क नाही, फक्त हॉटेलचा नाश्ता, आणि घाटात गर्दी व्हायच्या आत परत.

पण हा नियम सुट्टीला लागू पडतो का, हेही कुणीतरी तपासलंय. २००८ मध्ये सायमन केम्प आणि सहकाऱ्यांनी सुट्टीवर गेलेल्या विद्यार्थ्यांवर तो पाहिला. तिथे टोक आणि शेवट यांवरून आठवणीचा अंदाज फारसा चांगला बांधता आला नाही. सगळ्यात लक्षात राहिलेले किंवा सगळ्यात वेगळे असे चोवीस तास जास्त उपयोगी ठरले. दीड मिनिटाच्या गार पाण्यातला नियम आठवड्याच्या सुट्टीला जसाच्या तसा लावता येत नाही. "अमुक यांनी सिद्ध केलं" असं लिहिण्याआधी, कुणावर आणि कशात, हे बघत चला.

आणि आई काय सांगत होती? निट्रो नाही, उडणाऱ्या खुर्च्याही फारशा नाहीत. शेजारच्या काकूंना, मावशीला, डब्याच्या मुलींना, सगळ्यांना तिने एकच गोष्ट सांगितली. "सकाळी उठले तर करायला काहीच नव्हतं गं. खाली गेलो. एक मुलगा तव्यावर डोसे करत होता. मला म्हणाला, मॅडम, बसा, गरम आणून देतो."

एवढ्या वर्षांत तिला कुणीतरी गरम वाढलं होतं. माझ्या तीन रकान्यांत हे कुठेच नव्हतं. मी "सरप्राइज" हा चल धरून बसले होते, आणि फरक पडला तो "दुसऱ्याने केलेला स्वयंपाक" या चलाने. हे मला इमॅजिकाशिवाय, कर्वेनगरातच कळू शकलं असतं.

आता प्रामाणिक निष्कर्ष. अर्धवट सरप्राइज पूर्ण सरप्राइजपेक्षा चांगलं, असं मी सिद्ध केलं का? अजिबात नाही. माझा नमुना एका माणसाचा. तुलनेला दुसरा गट नाही. एकाच आईला पहिल्यांदा इमॅजिकाला दोनदा नेता येत नाही, एकदा सांगून आणि एकदा न सांगता. जे घडलं नाही ते कधीच दिसत नाही, ही कार्यकारणभावाच्या अभ्यासातली मूळ अडचण आहे, आणि यादृच्छिक वाटप करून दोन गट करायचे ते याच अडचणीवर तोडगा म्हणून. नाविनच्या अभ्यासातही हीच मेख आहे. सुट्टीला जाणारे आधीपासूनच बऱ्या परिस्थितीतले असतील, म्हणूनही जास्त आनंदी असू शकतात. शिवाय ती डच माणसं. ज्यांना दरवर्षी सुट्टी मिळते त्यांचा निकाल, जिला कधीच मिळाली नाही तिला किती लागू होणार?

मी म्हणू शकते ते इतकंच. या एका प्रसंगातून एक बरा प्रश्न मिळाला: घरात रोज सेवा देणाऱ्या व्यक्तीसाठी सुट्टीतला आनंद ठिकाणामुळे येतो, की काम थांबल्यामुळे? हा प्रश्न मी सुरुवात केली त्यापेक्षा नेमका आहे, तपासता येण्यासारखा आहे, आणि तो सापडला कारण पहिला प्रश्न मी गंभीरपणे घेतला. बहुतेक पीएचडींमध्ये असंच होतं. पहिला प्रश्न आपल्याला दुसऱ्या प्रश्नाच्या दारापर्यंत सोडून जातो.

तुमच्यासाठी गृहपाठ

या आठवड्यात घरातलं एक विधान घ्या, जे सगळे खरं मानतात. "रात्री अभ्यास केला की लक्षात राहतो" असं काहीही. त्याची तुलना करून प्रश्न लिहा. मुख्य शब्द कधी आणि कशाने मोजणार ते लिहा. बाजूचा एक आणि विरुद्ध बाजूचा एक अभ्यास शोधा. माहिती कुणाच्या तोंडून येणार ते लिहा. आणि शेवटी, या प्रयोगाची किंमत अशा कुणाला मोजावी लागेल का, ज्याला तुम्ही विचारलेलंच नाही, तेही लिहा. माझ्या बाबतीत ते डहाणूकर कॉलनीतले आजी-आजोबा होते.

हो, खर्चाचं राहिलं. परतताना लोणावळ्याला चिक्की घ्यायला थांबलो तेव्हा आईने विचारलंच, "एकूण किती लागले गं?" प्रयोग संपल्यावर सगळं उलगडून सांगायचं असतं, म्हणून खरा आकडा सांगितला.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एवढ्यात चार बर्नरची नवी शेगडी आली असती." थोड्या वेळाने परत म्हणाली, "पण शेगडीवर मग मलाच उभं राहावं लागलं असतं."